पुंगळीची मान

"इतकं खाली नको गं बाई," हाल्वोर म्हणाला. "साचा पार टेकवलास तर पुंगळीचा खांदा दबेल. आपल्याला फक्त मान आवळायचीय."

मारितने साचा थोडा उलटा फिरवून वर घेतला. तळघरातल्या टेबलावर दाबयंत्र घट्ट बसवलेलं होतं. शेजारी रायफल आडवी ठेवली होती आणि डब्यात तिच्यातून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. एल्क हरणांची शिकार आठवड्यावर आली होती. मारित यंदा पहिल्यांदाच गावच्या शिकारी टोळीबरोबर जाणार होती. नवऱ्याच्या जागी.

तिचा नवरा एस्पेन, हाल्वोरचा एकुलता एक मुलगा, मागच्या हंगामात धुक्यात गोळी लागून गेला. गोळी आरपार जाऊन दलदलीत बुडाली. पोलिसांच्या हाती काही लागलं नाही. बार एकच ऐकू आला होता आणि टोळीतला प्रत्येक जण म्हणाला, माझा नव्हता. एस्पेनची आई सिग्ने त्यानंतर शिकारीला म्हणून बाहेर पडली नाही. आपली ही रायफल तिने सुनेला देऊन टाकली.

"आता मानेला काजळी धर."

मारितने एका पुंगळीची मान मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवून काळी केली, ती यंत्रात बसवली आणि दांडा ओढला. पुंगळी बाहेर आली तेव्हा मानेचा वरचा भाग चकचकीत होता, खालचा काळाच.

"काजळी पुसली तिथवर मान आवळली," हाल्वोर म्हणाला. "अजून जरा खाली घे. खांद्याच्या अलीकडे थांबायचं."

तिसऱ्या खेपेला जमलं. हाल्वोरने साच्याची कडी आवळली. मारितने पुंगळी रायफलीत सारून मागचा लोखंडी बोल्ट सरकवून लावला. तो लोण्यात सुरी जावी तसा बसला.

"अगदी हातमोज्यासारखी!"

"बसणारच. बार झाला की पितळ फुगतं आणि त्या बंदुकीच्या पोटाचं माप घेतं. मान तेवढी आवळायची, धड तसंच ठेवायचं. मग पुंगळी आपल्या घरात बरोबर बसते. दुसऱ्याच्या घरात नाही."

"पण गावात सगळ्यांच्या रायफली एकाच मापाच्या ना?"

"कागदावर. पोटं वेगवेगळी."

मारित हसली. "म्हणून यंदा सगळ्यांची काडतुसं तुम्हीच भरून देताय? शेजारचा ओडवार विचारत होता, म्हातारा एवढा उदार कधीपासून झाला?"

हाल्वोर हसला नाही. त्याने खिशातून तपकिरीची डबी काढली आणि तिच्यातली एक काळवंडलेली पुंगळी टेबलावर ठेवली.

"बर्फ वितळल्यावर सापडली. एस्पेन पडला, त्याच्या वरच्या कड्यावर."

मारितचा हात दांड्यावरच राहिला. "पोलिसांना दिली नाहीत?"

"नाव आधी मला कळायला हवं होतं. काडतुसं भरून देतो म्हणत एकेकाची रायफल इथे आणवली. ओडवारच्या रायफलीत ही घातली तेव्हा वाटलं, हाच. बांधावरून त्याचं आणि एस्पेनचं किती वाजलं होतं, तुला ठाऊक आहे."

"मग?"

"बोल्ट अर्ध्यातच अडला. ओडवार नाही. टोळीतल्या कुणाच्याच रायफलीत धड बसली नाही. एकात अडते, दुसऱ्यात खुळखुळते. कुणीतरी परका असणार, दरीपलीकडचा."

मारितने दांडा सोडला. मग हाल्वोरने ती पुंगळी उचलून तिच्या पुढे धरली.

"घालून बघ. परकी पुंगळी कशी अडते ते हाताला कळलं पाहिजे. नाहीतर ऐन वेळी एल्क समोर उभा आणि तुझा बोल्ट अडकलेला. जोर करू नकोस. अडली की सोडून दे."

मारितने अंग चोरत ती घेतली, रायफलीत सारली आणि बोल्ट लावला.

"बाबा, अडली नाही."

"नीट घाल."

"नीटच घातलीय."

हाल्वोरने रायफल तिच्या हातातून घेतली. बोल्ट उघडला, लावला. पुन्हा उघडला, पुन्हा लावला. पुंगळी बाहेर काढून त्याने डब्यातली एक न आवळलेली पुंगळी घेतली आणि दोन्हींची बुडं दिव्याखाली शेजारी शेजारी धरली. बार उडवणाऱ्या खिळ्याचा खड्डा दोन्हींवर एकाच बाजूला सरकलेला होता. हाल्वोरची नजर सिग्नेच्या त्या रायफलीकडे वळली.

"बाबा, काय झालं?"

जिन्यावर पावलं वाजली. सिग्ने कॉफीची किटली घेऊन खाली आली. "किती हाका मारायच्या, हाल्वोर? वर वॅफल गार..."

तिची नजर त्याच्या हातावर गेली. किटली तिने सावकाश पायरीवर ठेवली.

"कुठे सापडली तुला?" ती म्हणाली. "मी तर तिथलं सगळं शेवाळ हातांनी उपसलं होतं."