मनवाचं नको

मेतकूट-भाताचा घास हुकवत दोन वर्षांची मनवा तोंड उघडून ओरडत होती, पण शर्वरीला तिचा आवाजच ऐकू येत नव्हता. कानातल्या मण्यातून मैत्रिणींच्या गप्पा मात्र खणखणीत येत होत्या. मणी फक्त मतं जुळणाऱ्यांचेच आवाज आत सोडायचा.

"माझ्या लेकीला का बंद केलंस?" तिने घाबरून विचारलं.

"तिचं तुमच्याशी पटेनासं झालंय," मणी नम्रपणे म्हणाला.

बाळंतपणानंतरच्या एकटेपणात याच मैत्रिणींनी तिला सावरलं होतं. त्यांची गाठ फक्त मण्यातूनच पडायची आणि एकदा काढलेला मणी पुन्हा चालत नसे; तो काढला की त्या कायमच्या तुटणार होत्या. तिने डोळे मिटले आणि मणी काढला.

"नको! मेतकूट नको! तुझं गाणं पण नको!"

"बरं बाई," शर्वरी डोळे पुसत म्हणाली, "अजून काय काय नको?"