तोतरा तेजकेतू

पडद्यावर तेजकेतू खलनायकाला घडाघडा सुनावत होता, एकदाही न अडखळता. थिएटरात शिट्ट्या वाजत होत्या. निनाद मात्र खुर्चीत नुसता चुळबुळत होता.

कॉमिकमधला तेजकेतू तोतरा होता. कुणी मध्येच तोडलं की म्हणायचा, "थ-थांब! माझं बो-बोलणं संपलं नाही." त्या एका वाक्याच्या जोरावर तोतऱ्या निनादनं शाळेची सगळी वर्षं काढली होती. आणि या लोकांनी तेच काढून टाकलं? मग उरलं काय, नुसते पिळदार दंड?

बाहेर येताच एका यूट्यूबवाल्यानं माईक पुढे केला. "दादा, कसा वाटला पिक्चर?"

एरवी निनाद पळालाच असता.

"त्यांनी ते-ते-तेज..."

"एक नंबर ना?" म्हणत तो दुसऱ्याकडे वळला.

निनादनं माईक घट्ट धरला.

"थ-थांब! माझं बो-बोलणं संपलं नाही."