सहावी पट्टी

प्रयोगशाळेच्या ट्रेमधल्या धातूच्या पट्ट्या लखलखत होत्या. लेकीला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच खोलीत शिरलो. बेचाळीस दिवस हजार डिग्रीच्या भट्टीत राहून आलेली पट्टी अशी आरशासारखी दिसत नाही.

मग तिला दारात बाबा दिसले. त्याच कारखान्याच्या पॉलिश खात्यातले सगळ्यात जुने कारागीर, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

"तीन वाजता गिऱ्हाईक येणार ना तुझं काम बघायला? म्हटलं, पोरीचा माल असा मळकट कशाला दिसावा! जेवणाच्या सुट्टीत मारला हात."

"बाबा, तो मळ नव्हता."

"मग काय होतं?"

"गंज."

"अगं, तेच तर म्हणतोय मी!"

तिने डोकं धरलं. उघडा धातू त्या आचेत गंजतो, पापुद्रे धरतो, ते गळतात आणि आतला धातू पुन्हा गंजतो. म्हणून ती वरून ॲल्युमिनियमचा लेप देते. तोही गंजतो, पण त्याचा गंज घट्ट चिकटून बसतो आणि हवेला आत येऊ देत नाही. हे सगळं तिने एका दमात सांगितलं.

"म्हणजे तू लेप देतेस, तो गंजावा म्हणून?"

"हो."

"बरी आहेस ना तू?"

बरी कुठली असायला! पट्ट्यांचं वजन करायचं राहिलं होतं. गंजताना हवेतला प्राणवायू पट्टीला धरतो, म्हणून गंज किती चढला ते वाढलेल्या वजनावरूनच कळतं, असं ती म्हणाली; आणि तोच तिचा एकमेव पुरावा होता. तो नाही दाखवला, तर तीन वर्षं खपून बसवलेला लेप आज बाद.

"गंजल्यावर वजन वाढतं?" बाबांचा गोंधळ आणखी वाढला. "गंजल्यावर तर झिजतं!"

तिला ओरडायचं होतं. पण समोर जेवण सोडून आलेला माणूस होता, आणि त्याचा डबा अजून बगलेतच होता. राग येतोय की रडू, तेच तिला कळेना. काहीतरी करायचं म्हणून तिने पट्ट्या मोजल्या. पाचच भरल्या.

"सहावी कुठे आहे?"

बाबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "ही राखून ठेवली. आमच्या खात्यात एक नग तसाच ठेवायची पद्धत आहे. आधी काय होतं आणि आपण काय केलं, ते गिऱ्हाइकाला दिसायला नको?"

करडी, निस्तेज पट्टी. तिने ती चिमट्याने उचलून काट्यावर ठेवली. वजन वाढलं होतं, अगदी हवं तेवढंच. एका पट्टीवर लेप पास होत नाही, पण आणखी बेचाळीस दिवस मागून घेता येतात. तिने आकडा वहीत लिहून घेतला.

बाबा पट्टीवर वाकले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते. बराच वेळ ते कधी करड्या पट्टीकडे बघत होते, कधी चकचकीत पाचांकडे.

"एक सांग. तीस वर्षं मी जे काढत आलो, ते काय होतं गं?"

"मळच होता, बाबा," लेक म्हणाली.

जरा घाईनेच म्हणाली.