भरलेले कार्ड

हिरोजी घरतांनी फोटो काढून भरलेल्या काचा उपरण्यात गुंडाळून पोटाशी बांधल्या, त्यांचे पुत्र पांडुरंग यांनी भरलेले रोल धोतराच्या सोग्यात गाठ मारून ठेवले, आणि पांडुरंगांचे पुत्र बुधाजी यांनी कॅमेऱ्यातली भरलेली कार्डे रुमालाच्या टोकाला. मोकळी वस्तू पिशवीत, भरलेली अंगावर, गाठीत. फोटोवाल्या घरतांचा हा नेम. त्या बुधाजींची थोरली मृणाली आज अक्षीच्या किनाऱ्यावर उभी होती, आणि तिच्या ओढणीच्या गाठीत एक परके कार्ड होते.

पन्नास पावलांवर, ज्यांचे ते कार्ड होते ते देवव्रत सर गुडघे टेकून वाळू उकरत होते. मुंबईहून मांडव्याच्या बोटीने आलेले, लग्नाच्या फोटोंतले मोठे नाव. अंगात पांढराशुभ्र सदरा, हात कोपरापर्यंत वाळूने माखलेले. भरती वर चढू लागली होती.

“धर्मा, तुझ्याकडेच दिलं होतं मी,” ते उठून ओरडले. “एवढीशी वस्तू सांभाळता येत नाही? केस पिकले तुझे, अक्कल नाही पिकली!”

धर्मा त्यांचा मदतनीस. वय पन्नाशीपुढचे, दोन्ही खांद्यांवर त्यांच्याच पिशव्या.

“न्हाय साहेब. कार्ड भरला तसा काढून तुमच्याच हातात दिला व्हता.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

ज्या मुलीचे फोटो त्या कार्डावर होते ती जागृती नवऱ्या मुलाचा हात घट्ट धरून उभी होती. “सर, हा उद्या पहाटे जहाजावर जातोय,” ती म्हणाली. “लग्नाच्या आदल्या दिवशी परत येणार. आम्ही पुन्हा कधी काढायचे फोटो?”

“ऐकलंस?” देवव्रत धर्माकडे वळले. “माग माफी. हात जोडून माग.”

मृणालीच्या कानांत ते शब्द तापल्या तेलासारखे शिरले. अकरा वर्षांपूर्वी नागावच्या एका लग्नमांडवात, हरवलेल्या अशाच एका कार्डापायी, याच माणसाने याच शब्दांत, मदतीला घेतलेल्या बुधाजींना दोनशे पाहुण्यांपुढे हात जोडायला लावले होते. कार्ड आपण सरांच्या हातात दिले होते, एवढेच बुधाजींनी घरी येऊन सांगितले. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

आज हे कार्ड तिला वाळूत मिळाले तेव्हा तिने ठरवले होते, की गप्प राहायचे. पाणी पुरते चढले की गाठ सोडायची आणि कार्ड समुद्राला देऊन टाकायचे. शोधू दे त्याला जन्मभर. पण समोर धर्माने पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याचे हात जवळ येऊ लागले. अपराध दुसऱ्याचा आणि जोडलेले हात पुन्हा एका गरिबाचे, हे तिच्याने पाहवले नाही. ती ताडताड चालत गेली.

“सर, कार्ड शेवटी कुणाकडे होतं?”

“तुम्ही कोण?”

“इथेच फोटो काढते. सापडलं तर कुणाच्या हातात द्यायचं, ते विचारून ठेवते.”

“याच्याकडे होतं. यानेच पाडलं.”

“तुमच्या खिशात नव्हतं ना?”

“बाई, पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. खिशात कार्ड टाकणारा माणूस मी नव्हे.”

“नक्की?”

“आईची शपथ!”

मृणालीने आपल्या कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे नव्हे, जागृतीकडे वळवला. “हे मघाशी मी काढलेले फोटो. पुढची जोडी माझं गिऱ्हाईक, तिला पाहू नकोस. मागे पाहा.”

सलग तीन फोटो होते. पहिल्यात, मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या सदऱ्याचा हात वरच्या खिशात. दुसऱ्यात हातात मोबाईल, आणि त्याखाली हवेत नखाएवढा काळा चौकोन. तिसऱ्यात मोबाईल कानाला, चौकोन वाळूवर. जागृतीने चित्र बोटांनी मोठे केले, पाहिले, आणि कॅमेरा नवऱ्या मुलाकडे दिला. त्याने आधी फोटोतला सदरा पाहिला, मग समोरचा.

“आईची शपथ घेतली हो यांनी,” तो म्हणाला.

मृणालीने कॅमेरा परत घेतला, ओढणीची गाठ दातांनी सोडवली आणि कार्ड जागृतीच्या तळहातावर ठेवले. “तुझं तू सांभाळ. यांच्या हातात देऊ नकोस.”

देवव्रतांनी ओठांवरून जीभ फिरवली. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, ते तीन फोटो पुसून टाका. काय हवं ते बोला.”

“मी मृणाली बुधाजी घरत. नागावचा मांडव आठवतो?”

त्यांना आठवला. ते चेहऱ्यावर सगळ्यांनाच दिसले.

“हात जोडा,” मृणाली म्हणाली. “माझ्यापुढे नकोत. या धर्मादादांपुढे.”

देवव्रतांनी जागृतीकडे पाहिले. तिने मान वळवली. मग त्यांनी पोटाशी कसेबसे हात जोडले.

“वर. माझ्या बाबांनी कपाळापर्यंत नेले होते.”

वाळूने भरलेले ते हात कपाळाला टेकले. धर्मा कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. पुरे म्हणाला नाही.

मृणालीने कॅमेरा डोळ्याला लावला.

“तसेच राहा, सर. बाबांना दाखवायचाय. हलू नका.”