उताऱ्यावर ठेवलेला हात

थोरलीच्या पोटात आजही दुखलंच. बँकेच्या परीक्षेसाठी सरावाचा उतारा दोघी बहिणींनी एकदमच उघडला. धाकटी प्रश्न सोडवून पाय हलवत बसलीसुद्धा. वयाच्या अटीमुळे थोरलीची ही शेवटची संधी. कालच्या पोरीनं पुढे जावं, हे तिला सोसवेना. "त्या आंधळ्या माळ्याचं वाईट वाटलं गं," ती म्हणाली. "कोण माळी?" "अगं, उताऱ्यातला!" धाकटी खळखळून हसली. "ताई, उतारा वाचतंय कोण! आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात उत्तरं शोधायची. तू बसतेस रडत." "सटवे, आज सांगतेस होय?" "तू विचारलंस कधी? नुसती जळत होतीस!" थोरलीनं पान उलटलं. पुढचा उतारा समुद्रात भरकटलेल्या होडीचा होता. तिनं त्यावर हात ठेवून आधी प्रश्न वाचले. होडी किनाऱ्याला लागली की नाही, तिला कधीच कळलं नाही. उत्तरं मात्र धाकटीच्या आधी झाली.