भेटीची वेळ

सरकारने काटकसर म्हणून पगार दुसऱ्यांदा कापला आणि सिस्टरच्या घरचं वीजबिल थकलं. मीटर काढून नेल्यापासून तिच्या दोन्ही मुली शाळा सुटली की सरकारी हॉस्पिटलमध्येच येत आणि नातेवाइकांच्या बाकावर, तिथल्या दिव्याखाली अभ्यास करत बसत. कोणी विचारलंच तर आजी आत आहे म्हणायचं, असं तिने बजावून ठेवलं होतं. औषधांचा ट्रे घेऊन ती समोरून जाई, पण ओळख दाखवत नसे. सुरुवातीला पुढे गेल्यावर ती एकदा तरी वळून बघायची. हल्ली तेही सोडलं होतं.

त्या संध्याकाळी भेटीची वेळ संपल्यावर वॉचमन मुलींपाशी थांबला.

"कोण अ‍ॅडमिट आहे तुमचं?"

"आजी," थोरली म्हणाली.

"कुठल्या वॉर्डात?"

थोरलीने वही मिटली. सिस्टर ट्रे घेऊन तशीच पुढे आली.

"माझ्या आहेत त्या. बाहेर काढू नका. घरी अंधार आहे."

वॉचमनने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"इथे नका बसवू, सिस्टर, साहेबांची फेरी असते. एक्स-रेची खोली बंदच आहे हल्ली, तिथे पाठवा. माझी दोघं तिथेच असतात. फक्त जरा दाटीवाटीने बसायला सांगा, आजपासून डॉक्टरीणबाईंचा मुलगाही येतोय."