कर तोडण्याचा मान

वेशीत खांब दोन होते, दोर एक, हलग्या चार, रंगवलेले बैल अठ्ठावीस. काठ्या संघप्रियाने दोनदा मोजल्या. सतरा. गेल्या बेंदराला, बैलांच्या सणाला, सहा होत्या.

तिच्या हातात हरण्याचा कासरा होता. हरण्या म्हणजे त्यांच्या घरचा खिल्लार खोंड, दोन दाती, अजून न बडवलेला, म्हणजे खच्ची न केलेला. गाय मेल्यावर संघप्रियाने त्याला बाटलीने दूध पाजलं होतं. तिच्याशिवाय कुणाचा हात तो अंगाला लावून घेत नसे. ती आणि तिचा भाऊ प्रसेनजीत रांगेच्या शेवटाला उभे होते. बौद्धवाड्यातली जनावरं शेवटी, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. वेशीत आडवा बांधलेला पिंपळपानांचा दोर, म्हणजे कर, शिंगांनी तोडायचा पहिला मान गणपतरावांच्या बैलाचा.

तो बैल म्हातारा झाला होता. दोनदा दोरापर्यंत जाऊन थांबला. मागं कुणीतरी हसलं. मग त्याला बिचकवायला कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

म्हातारा बैल जागचा हलला नाही. हरण्या उधळला.

कासऱ्याने संघप्रियाच्या तळहाताचं कातडं सोललं. माणसं दोन्ही अंगांना फाकली. दोर हरण्याच्या शिंगांत अडकला, ताणला, तुटला. हलग्या बंद पडल्या. शिंगांत पानं घेऊन हरण्या वेशीपलीकडे उभा राहिला आणि मान वळवून तिला शोधू लागला.

गणपतरावांचा मुलगा विश्वजित काठी घेऊन पुढे झाला. प्रसेनजीत हात जोडत मध्ये गेला. माळेला बिचकलं, मुद्दाम केलं न्हाय, असं सांगू लागला. पहिली काठी त्याच्याच खांद्यावर पडली.

"व्हय रं, रांग दिसत न्हाय तुम्हास्नी? का आता सगळ्यातच पयलं यायचं?"

काठी टाकून विश्वजितने समोरून हरण्याची वेसण धरली. खिल्लाराची वेसण परक्याने धरू नये, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विश्वजितलाही होतं.

हरण्याने मान खाली घातली आणि वर केली. एवढंच. बेंदरासाठी कालच साळून टोकदार केलेलं शिंग विश्वजितच्या मांडीत गेलं आणि बाहेर आलं. तो चिखलात उताणा पडला.

मग सगळ्या काठ्या एकदम उठल्या. काही हरण्यावर, काही प्रसेनजीतवर. बरगड्यांवर पडणारी काठी आणि माणसाच्या पाठीवर पडणारी काठी, दोन्हींचा आवाज वेगळा असतो. संघप्रियाला न बघता फरक कळत होता. ती बघत होती विश्वजितच्या मांडीकडे. रक्त लालभडक होतं आणि ओघळत नव्हतं, ठोक्याठोक्याला उडत होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालाही याचा अर्थ कळला असता. ती गुडघ्यांवर बसली, जखमेत दोन बोटं घातली, उडती नस चाचपून हाडावर दाबून धरली. रक्त थांबलं.

गणपतराव धावत आले, तिच्यासमोर चिखलात बसले. कुणीतरी फोन केला होता, कुरुंदवाडहून दवाखान्याची गाडी निघाली होती. "पोरी, सोडू नगंस," ते म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."

"आबा, काठ्या थांबवा."

गणपतरावांनी तिकडे पाहिलं. हरण्याचे पुढचे पाय दुमडले होते. प्रसेनजीत डोकं दोन्ही हातांत धरून पडला होता. माणसं तापल्यात, ते पुटपुटले, आता कोण ऐकतंय.

"तुमचं ऐकतील. थांबवा, न्हाईतर बोटं काढीन."

गणपतरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ही काढायची नाही, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं. तिलाही तसंच वाटत होतं. मग एक काठी हरण्याच्या डोळ्यावर बसली, आणि संघप्रियाने बोटं अर्धा इंच बाहेर घेतली.

रक्ताची चिळकांडी गणपतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. विश्वजितच्या घशातून आवाज आला, शब्द नाही. गणपतराव उठले आणि एकेकाच्या नावाने असे ओरडले की काठ्या हवेतच थांबल्या. तोवर तिची बोटं पुन्हा नसेवर होती.

गाडी आली. गाडीतल्या माणसाने विश्वजितच्या मांडीला पट्टा आवळला आणि तिला बोटं हळूहळू काढायला सांगितली. रक्त आलं नाही. विश्वजित पाणी मागत होता. तिच्याकडे न बघता गणपतराव गाडीत चढले.

प्रसेनजीत वेशीच्या भिंतीला टेकून बसला होता. एक हात लोंबत होता. दुसऱ्याने त्याने तिला खुणावलं, माझं सोड, त्याला बघ.

हरण्या कुशीवर पडला होता. डावा डोळा सुजून मिटलेला. तिने नस दाबलेला तोच हात त्याच्या पुढच्या पायामागे, छातीला लावला आणि घड्याळ बघितलं. निवांत असला की त्याचे ठोके साठ-सत्तर असायचे.

पहिल्या मिनिटाला ठोके एकशे बावीस. दुसऱ्याला एकशे चौदा. पाचव्याला शहाण्णव.